सुरगाण्याला आता कोण जाणार?

अवि गेल्याचं मला रामदासने, त्याच्या ओळखीच्या जीपवाल्याने कळवलं. "ताई, डाक्टर गेलं... वणीच्या पुढं. नाशकापर्यंत आणायचं होतं, नाय जमलं." सुरगाण्याच्या त्या भागात डॉक्टर एकच, आणि तोच मागच्या सीटवर आडवा पडलेला. महिना झाला, माझा संताप काही कमी होत नाही.

अवि माझा धाकटा भाऊ. तो डॉक्टर झाला तेव्हा वडिलांनी पंचवटीत त्याच्यासाठी गाळा बघून ठेवला होता. हा पठ्ठ्या गेला डोंगरात. मी तेव्हाही भांडले, शेवटपर्यंत भांडत राहिले. एकदा दिवाळीनंतर त्याच्याकडे गेले होते. भात-नागली आटोपून माणसं द्राक्षबागांच्या कामाला निघाली होती आणि अवि दवाखाना सोडून जीपच्या थांब्यावर उभा. भरलेल्या जीपमधून एकेकाला खाली उतरवून तपासायचा, आजार आणि औषध चिठ्ठीवर लिहून द्यायचा, म्हणजे तिकडे कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल. जीपवाले हॉर्न वाजवून बेजार. एक म्हातारी वैतागली, "सुई दे ना, कागद काय करू?" "सुई नको, आजी. कागद जपा," म्हणत याने तो स्वतःच तिच्या पदराला बांधला. नाशिकला येऊन दाखवायचं तर या लोकांचा दिवसही जातो आणि मजुरीही.

शोकसभेला त्याचे नाशिकचे वर्गमित्र आले होते. सगळ्यांची स्वतःची हॉस्पिटलं. देवमाणूस काय, त्याग काय... मी उठून विचारलं, "आता सुरगाण्याला कोण जाणार? आठवड्यातून एक दिवस तरी?" सगळे चहाकडे वळले. मेले ढोंगी! देवमाणूस म्हटलं की यांची जबाबदारी संपली.

पण खरं सांगायचं तर... माझी मुलगी याच वर्षी एमबीबीएस झाली. सभेहून परतताना रिक्षात म्हणाली, "आई, मी जाऊ मामाच्या दवाखान्यात?" मी क्षणभरही विचार केला नाही. "वेडी आहेस का? मामाचं काय झालं, बघितलंस ना?"

अविचा मोबाइल अजून माझ्याकडेच आहे, बंद करवत नाही. परवा बागेवरून परतलेल्या एका बाईचा फोन आला. "डाक्टर कधी बसणार हायेत? पोरीला लय दम लागतोय."

"डॉक्टर गेले हो, बाई. तिला नाशिकला आणा."

"नाशिकला? आत्ता कशी आणू?"

शेजारी बसलेल्या लेकीने फोनसाठी हात पुढे केला. मी फोन बंद केला.