जटपुरा गेट की टॉकीज?

माझे मामा चिमूरकडचे, मामी चांद्याची. मामा शिकायला चांद्यात आले, इथेच लग्न झालं, मग नोकरीने दोघांना नाशिकला नेलं. सगळं जग चंद्रपूर म्हणायला शिकलं, हे दोघं अजून चांदाच म्हणतात. मागच्या हिवाळ्यात ते चंद्रपूरला माझ्याकडे आले आणि पहिल्याच चहाला भांडण निघालं. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं कुठे?

"जटपुरा गेटमधी," मामा म्हणाले.

"टॉकीजवर," मामी म्हणाली. "तिकिटाच्या लाइनीत होते तुम्ही. चार केसांची मिशी."

"चांगली दाट होती!"

हा वाद लग्नापासूनचा. मी म्हटलं, चला, जागेवर जाऊनच ठरवू. ऑटो केला.

टॉकीजच्या जागी आता कपड्यांचं मोठं दुकान आहे. मामा एकदम खूश. "पाह्य, तुहा साक्षीदारच पाडून टाकला!"

मामी कसली ऐकते? तरातरा आत गेली आणि काउंटरवरच्या मुलीला सांगू लागली, "इथी बायकांची खिडकी होती. अन् त्या साड्या लटकून राह्यल्या नं, तिथी हे उभे होते."

मुलगी गोंधळून म्हणाली, "बाई, साडी दाखवू का?"

वादाच्या भरात मामीने एक घेऊनही टाकली.

तिथून जटपुरा गेट. चांद्यात पुष्कळ बदललं, पण या गेटातली गर्दी कोणाच्या बापाला हटवता आली नाही. मामा ऑटोतून उतरले आणि थेट कमानीखाली, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागे हॉर्नचा गजर. ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारली. "काका, बाजूले व्हा, फोटो मंग काढा!"

"फोटो नाई काढून राह्यलो, जागा दाखवून राह्यलो!"

मी त्यांना कोपराला धरून जुन्या शहराच्या परकोटाच्या भिंतीकडे ओढलं. तिथे मात्र ते शांतपणे सांगू लागले. "तू सायकल हातात धरून पायी आली होती. चाक पंक्चर. इथी भिंतीपाशी पंक्चरवाला बसे. त्यानं तुले सांगितलं, सोल्युशन संपलं, गांधी चौकात जा. तू त्याच्यावर अशी भडकली, का तो उठूनच उभा झाला."

मामी इतका वेळ हसत होती, ती थांबली. "हे तं मीच विसरली होती."

"म्हणजे मी तुले गेटमधी पाह्यलं, तुह्या मागं मागं आलो, अन् तू मले टॉकीजवर पाह्यलं."

"मंग हाक काऊन नाई मारली?"

"हिंमत नाई झाली. तू पंक्चरवाल्याले बोलली, ते आयकलं होतं मी."

लग्नाचं बोलणं घरच्या मोठ्यांनी केलं होतं. पोरगी पाहायला आले तेव्हा मामांनी मान वर न करता होकार दिला, म्हणून ती आजवर समजत होती की वडिलांच्या धाकाने हो म्हणाले. तिने तसं सांगितल्यावर मामा भिंतीकडेच पाहत राहिले. कान लाल झालेले.

"मी तं आधीच पाह्यली होती नं," ते पुटपुटले. "पुन्हा काय पाहाचं?"

मामीने पदराने तोंड पुसलं. "ऑटो सोडून दे," ती मला म्हणाली. "आम्ही गांधी चौकापावतो पायी जातो."

दोघं गेटातून आत निघाले. मी ऑटोवाल्याला पैसे देत होते, तोवर गर्दीतून मामीचा आवाज आला, "आता तं सोबत चाला! अजून मागंच राहून राह्यले!"