दोन मिनिटं थांबणारं घर

"शेवटी मला त्या गाडीत चढवलंच गं यांनी," मामी फोनवर म्हणाली, आणि मी हसले.

हे आधीच सांगून टाकते. माझा मामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी हसले. नुसती हसलेच नाही, तर "अरे वा! कुठे निघालात? समुद्राला?" असंही विचारलं. दुपारचे साडेतीन वाजले होते, मी कर्जतच्या आमच्या घरी लॅपटॉपसमोर कामाला बसले होते. गेली सहा वर्षं मामा त्याच्या चालत्या घरात मामीला बसवायचा प्रयत्न करत होता आणि एकदा फसल्यापासून मामी त्या घराच्या पायरीवर पाय ठेवायला तयार नव्हती. मला वाटलं, जिंकला मामा. पलीकडून मामी म्हणाली, "चहा गार झाला म्हणून हाका मारल्या. उठंनात. मग चढले." जेवून तो अंगणात उभ्या असलेल्या गाडीतल्या पलंगावर आडवा झाला होता, पंखा चालू होता, पेपर छातीवर होता. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामीने माझं हसणं आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. "ही बया फोनवर हसली! म्हणं, कुठं निघालात!" आणि सांगताना ती स्वतः इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी कोपऱ्यात बसून होते. मला तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.

मामा रसायनीच्या एका कारखान्याच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होता. तीस वर्षं एकच रस्ता... कर्जतचा चारफाटा, चौक, दांड फाटा, मोहोपाडा, कारखान्याचं गेट. प्रत्येक थांब्यावर तो दोनदा हॉर्न वाजवायचा आणि घड्याळ बघून दोन मिनिटं थांबायचा. थांबायचा नियम नव्हता. पण बस चुकली की माणसाचा खाडा पडतो, म्हणून त्याने तो स्वतःच केला होता. "दोन मिनिटं माझी, तिसरं कंपनीचं," म्हणायचा. तो रिटायर झाला त्याच सुमारास त्याची छोटी बसही कंपनीने मोडीत काढली, आणि मामाने ती घरी आणली. मामीला वाटलं, भंगारात विकायला आणली असेल. मामाने सीटा काढायला सुरुवात केली तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रकरण वेगळं आहे.

या कामात मी आले ती माझ्या इंग्रजीमुळे. मी आमच्या घरातली इंग्रजी शाळेत गेलेली पहिली मुलगी. चारचौघांत मी इंग्रजीही बोलत नाही आणि मराठीही, पण मामाला त्याची अडचण नव्हती. तो मोबाइलवर परदेशातल्या चालत्या घरांचे व्हिडिओ लावायचा आणि मला शेजारी बसवायचा. "मॅडम, काय म्हणतोय गं हा गोरा?" मी सांगायची की सांडपाण्याची टाकी मागच्या चाकाच्या पुढे ठेवायची, म्हणजे वजन नीट राहतं. "आणि ती बाई का रडते?" ती रडत नाहीये मामा, कांदा चिरतेय. त्याने पलंग बसवला, खाली धान्याची पेटी, गॅसची शेगडी, हात धुवायला बेसिन, समोर काचेवर बुद्धाचा छोटा फोटो. परवानगीचे सगळे फॉर्म मी भरले. बाहेरून मात्र पांढऱ्यावर निळा पट्टा तसाच राहिला. रंग चांगला आहे, कशाला घालवायचा, असं त्याचं म्हणणं. गाव त्या गाडीला 'बंगला' म्हणू लागलं.

मामीचा राग मला तेव्हा कळायचा नाही. आता कळतो. लग्न झाल्यापासून ती मोहोपाड्याच्या क्वार्टरमध्ये राहिली. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावं लागे. चौकजवळच्या गावात स्वतःचं घर झालं तेव्हा तिने पहिल्याच दिवशी एकवीस खिळे ठोकले, गरज नसताना. आणि आता नवरा म्हणतो, चल, चाकावरच्या घरात राहू. "मला एका जागी राहणारं घर पायजे," ती म्हणायची. "त्या गाडीची चाकं काढा, मग येते." तरीही मामाने तिला एका गोष्टीवर फितवलं. मामीने समुद्र पाहिला होता तो फक्त मुंबईचा, कठड्यापलीकडचा. तिला वाळूत पाय ठेवायचा होता. तर पहिली सफर अलिबागची ठरली आणि मामी नवी साडी नेसून, चपात्या आणि सुक्या बोंबलाचा डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसली. मी मागे स्टुलावर. आदल्या रात्री ते दोघं आमच्याकडे कर्जतलाच मुक्कामाला होते.

सकाळी सहाला निघालो. रस्ता रसायनीवरूनच जाणारा... तिथेच घोटाळा झाला. चारफाट्याला पहिल्या पाळीची तीन माणसं उभी होती. निळा पट्टा दिसताच त्यांनी हात केला, आणि मामाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दोन हॉर्न. दार उघडलं. तिघं चढले आणि आत पलंग बघून जागच्या जागी थबकले.

"मामी, सॉरी हां... पण सीटा कुठं गेल्या?"

"समुद्रात," मामी म्हणाली.

मामा त्यांना उतरा म्हणू शकला नाही. नवीन बसवर बाळूकाका होते, मामाच्याच हाताखाली शिकलेले, आणि त्या दिवशी नेमके तेच उशिरा निघाले होते. दांड फाट्यापर्यंत आत अकरा माणसं झाली. चौघं पलंगावर मामीच्या शेजारी ओळीने बसलेली, एक जण बेसिनमध्ये तोंड धुतोय, एक जण विचारतोय, "चहा टाकू का मामी?" मामी डबा घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती. "हे घर हाय का यष्टी?" एवढंच एकदा म्हणाली. सगळ्यांना वाटलं विनोद आहे, म्हणून ते मोठ्याने हसले. पुढे मोहोपाड्यात सरळ जायचं होतं, पण मामाने सवयीने वळण घेतलं. वॉचमनने सलाम करून गेट उघडलं. मामाने गाडी शेडमध्ये आपल्या जुन्या जागेवर नीट लावली, हँडब्रेक ओढला, घड्याळ बघितलं आणि समाधानाने म्हणाला, "सहा पन्नास. टायमात." माणसं जय भीम, थँक्यू म्हणत उतरली. मग त्याने मागे वळून मामीकडे बघितलं... तो चेहरा मी विसरणार नाही. शाळेत चुकून मुलींच्या वर्गात शिरलेल्या मुलासारखा.

मामी उतरली आणि मला घेऊन बाहेर सहा सीटर रिक्षात बसली. घरापर्यंतचा सगळा रस्ता आमची सहा सीटर पुढे आणि मागे बंगला, इंडिकेटर लावून, सायकलच्या वेगाने. आम्ही जिथे थांबू तिथे मामा थांबायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि वाट बघायचा. मामीने एकदाही मान वळवली नाही. पण तिसऱ्या थांब्याला तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती, हे मी शेजारून बघितलंय.

त्यानंतर मामी गाडीत चढली नाही. तिने वेगळी लढाई सुरू केली. उन्हाळ्यात ती बंगल्याच्या टपावर कुरडया वाळत घालायची. शिडी लावून चढायची आणि सगळा टप भरून टाकायची, म्हणजे आठवडाभर गाडी हलायला नको. एकदा मामा विसरून तसाच निघाला आणि चारफाट्यापर्यंतच्या रस्त्यावर कुरडयांचा सडा पडला. पुढचे दोन दिवस ओळखीची माणसं कागदात गुंडाळून चार-चार कुरडया परत आणून देत होती.

मामीशिवाय समुद्राला जायचं नाही, हे मामाने ठरवून टाकलं. मग बंगला जवळच फिरत राहिला. खालापूरच्या तालुका कचेरीत दाखल्याला जाणारे, दवाखान्यात निघालेले, लग्नाला जाणारे... एका नवरीची तयारी त्यात झाली. दर वेळी तेच, दोन हॉर्न आणि दोन मिनिटं. शेजारच्या रंजनावहिनी एक मिनिट पन्नास सेकंदांनी पळत येणार, हेही ठरलेलं. मला तो दाराशी उभं करायचा. "मॅडम, दोनदा पत्र्यावर थाप मारायची आणि ओरडायचं, जाऊ द्या!" थाप मी मारायची. ओरडायला मात्र जमायचं नाही. "आवाज?" तो आरशातून विचारायचा, थोडं थांबायचा आणि मग निघायचा. शनिवारी मुंबईच्या गाड्या फार्महाउसकडे धावायच्या तेव्हा आमच्या मागे रांग लागायची. एक जण ओव्हरटेक करताना काच खाली करून ओरडला, "ओ काका, घर घरी ठेवा ना!" मामाने तितक्याच प्रेमाने उत्तर दिलं, "घरीच हाय मी!"

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसचे लोक सहलीसाठी कर्जतला आले होते आणि मी त्यांना घ्यायला स्टेशनबाहेर उभी होते. समोर बंगला उभा होता, खिडकीला मामाचा पंचा वाळत होता. आमच्यातली एक म्हणाली, "हे काय आहे? कुणीतरी राहतं त्यात?" सगळे हसले. मामाने मला बघितलं आणि दोनदा हॉर्न वाजवला. मी मोबाइलमध्ये मान घातली. स्क्रीनवरचं घड्याळ दिसत होतं, म्हणून मला माहीत आहे, तो पूर्ण दोन मिनिटं थांबला... मग निघून गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काल ठेसनात गेलतो. गर्दी होती, वळखीचं कोण दिसलं नाय." आणि माझ्यासमोर मोबाइल धरला. "बघ गं, काय म्हणतोय हा गोरा." मी सगळं नीट समजावून सांगितलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. जे बोलायचं होतं ते तेवढं राहून गेलं.

मामा गेल्यावर पंधरा दिवसांनी एका रिसॉर्टचे मालक आले. हिरवळीवर ठेवायला त्यांना अशीच गाडी हवी होती. त्यांनी टेप लावून मापं घेतली, आत डोकावून "क्यूट आहे" म्हणाले. मामीने त्यांना चहा दिला. मामीला ती गाडी नकोशी होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि माझा काही बोलायचा हक्क स्टेशनबाहेरच संपला होता, असं मला वाटत होतं.

"आम्ही काय करू मावशी, चाकं काढू," ते म्हणाले. "खाली पक्का चौथरा बांधू. आत एसी. गेस्ट येऊन राहतील."

चाकं काढा, हेच मामी सहा वर्षं सांगत होती. ती बशीत बोट फिरवत राहिली.

"मग ती जाणार कुठं?"

"कुठेच नाही! एका जागी राहील कायमची. तीच तर मजा आहे."

मामीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. एवढंच. पण तिने ते बघितलं.

"मग नको," मामी म्हणाली.

गेल्या रविवारी आम्ही अलिबागला निघालो. चालवायला बाळूकाका. मामीच्या मते सगळा घोटाळा त्यांच्याच उशिरामुळे झाला होता, त्यामुळे ते पहाटेपासूनच अंगणात येऊन बसले होते. मामी तीच साडी नेसली होती आणि डब्यातही तेच होतं. पायरीवर पाय ठेवताना तिने दाराचा दांडा धरला, क्षणभर थांबली आणि चढली. आत सगळं तसंच होतं, बुद्धाचा फोटो, घडी करून ठेवलेला पंचा. फक्त पलंगाच्या वर, पत्र्याच्या पट्टीत, एक नवा खिळा होता. तो कधी ठोकला, हे मी विचारलं नाही. मामीने त्याला आपली पिशवी अडकवली.

बाळूकाकांनी गाडी सुरू केली, दोनदा हॉर्न वाजवला आणि हँडब्रेककडे हात नेला.

"थांब रं बाळू. दोन मिनिटं."

"वहिनी, आता कोण यायचंय?"

"मला काय म्हायती. थांब."

मी दाराशी माझ्या जागेवर उभी राहिले आणि घड्याळ बघू लागले. इंजिन गुरगुरत होतं. एक मिनिट गेलं, अंगणात कुणी नव्हतं. मामी समोर बघत होती... दुसरं मिनिट संपत आलं तशी कुंपणापलीकडून चपलांची फटफट ऐकू आली. रंजनावहिनी. केस ओले, खांद्याला पिशवी, एका हातात साडीच्या निऱ्या.

"पेणपरेंत सोडा गं! पोरीकडं जायचंय!"

मामीने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "हे घर हाय का यष्टी?" म्हणाली आणि पलंगावर सरकून जागा केली. "चढ लवकर, तिसरं मिनिट लागंल."

रंजनावहिनी चढल्या. मी दार ओढलं, पत्र्यावर दोनदा थाप मारली. बाळूकाका आरशातून माझ्याकडे बघत होते. ते 'आवाज?' म्हणून विचारणार नव्हते, त्यांना ते माहीतही नव्हतं.

"जाऊ द्या!" मी ओरडले, शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन बघतील इतक्या मोठ्याने.