दोब्रिन्काताईंच्या हाताखालच्या सहाजणी

दोब्रिन्काताई एकोणीस वर्षं रूसे शहरातल्या जहाज कारखान्यात नकाशे काढत होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. नवरा म्हणाला, आता घरी बस, बाग कर. त्या दुसऱ्याच दिवशी नदीकाठच्या खानावळीत भांडी घासायला उभ्या राहिल्या. तिथला आचारी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. "आजी, बटाटे सोला," म्हणायचा. नऊ वर्षांनी तो जर्मनीला गेला आणि त्याच्या जागी ताई मुख्य आचारी झाल्या.

खानावळीचे म्हातारे मालक वारले आणि त्यांच्या पुतण्याने, कामेनने, ती हातात घेतली. त्याने माशाच्या सूपाची गोठवलेली पाकिटं आणली.

"गिऱ्हाइकाला काय कळतंय, ताई?"

"त्याला नसेल कळत. मला कळतं," असं म्हणून ताईंनी ॲप्रन सोडला, तो कायमचाच.

मग त्यांनी वाचनालयामागच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू केली. आम्ही सहाजणी होतो, सगळ्या बंद पडलेल्या कारखान्यांतल्या. मी शिवणकामाच्या कारखान्यातली. ताई कांद्याच्या फोडींना पट्टी लावून मोजायच्या. चीज भरून भाजतात त्या बानित्साची पारी इतकी पातळ ओढायची की खालच्या टेबलक्लॉथची फुलं दिसली पाहिजेत. माझी फाटायची. "नेव्हेना, ही पारी आहे की मासेमारीचं जाळं? पुन्हा कर." मी रडकुंडीला येऊन पुन्हा कणीक मळायचे.

आमच्यात सर्वांत हुशार मिल्का होती. वसंतात तिने सांगितलं की ती ऑस्ट्रियाला चालली आहे, एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला.

"त्यांना काय करून घालणार?" ताईंनी विचारलं.

"त्या दही आणि भाजलेला पावच खातात."

ताईंनी हातातला डाव मोरीत टाकला. उन्हाळ्यापर्यंत आणखी चौघी गेल्या. उरले मी एकटी, आणि मला काम मिळालं ते कामेनच्याच खानावळीत. काम एवढंच: पाकिटं फोडायची आणि गरम करायची.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या. "कात्रीने पाकिटं फोडायला शिकवलं का मी तुला?"

"मग काय करू? तुमच्यासारखं सोडून बसू? तुम्हाला नवऱ्याचं पेन्शन आहे. मला कोण आहे?"

दीड महिना आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या फुटपाथवर जायचे.

एका गुरुवारी कामेन सोफियाला गेला होता. मी सकाळी घाटावरून दोन ताजे मासे घेतले आणि ताईंनी शिकवलं तसं सूप केलं. तीन तास लागले. एका टेबलावरच्या चार म्हाताऱ्यांनी दोनदा वाढून घेतलं. कामेनला कळायचं ते कळलंच.

"तीन तास? पाकिटाला दहा मिनिटं लागतात."

"पातेलं रिकामं झालं, ते बघा."

त्याने पातेलं तिरकं करून तळ पाहिला. शेवटी म्हणाला, "रविवारी कर. बाकी दिवस पाकिटं."

रविवारी मी डबा भरून ताईंकडे धावत गेले. त्यांनी एक चमचा घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "देवेसिलचा पाला लवकर घातलास, कडवट झालाय. आणि रविवारीच का? बाकी सहा दिवस माणसं जेवत नाहीत का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं भांडून एक दिवस मिळवला, त्याचं एक अक्षर नाही. डबा तिथेच टाकून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला डबा माझ्या दाराबाहेर ठेवला होता, निरोप काही नाही.

सप्टेंबरात त्यांच्याकडे पाचजणी नव्या आल्या. त्यातल्या तिघी नुसत्या परदेशात दाखवायला शिकल्याचा कागद हवा म्हणून. ताईंचे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. त्यांनी फोन केला, "मंगळवारी ये. कांदा तू शिकव."

आता मी दर मंगळवारी जाते. ताई खुर्चीत बसून माझ्याच चुका काढतात. गेल्या आठवड्यात एकीने विचारलं, "हे सगळं ऑस्ट्रियात लागतं का हो?"

"नाही लागत," मी म्हटलं. "फोडी मोठ्या झाल्यात. पुन्हा चिर."