आप्पांच्या गुडघ्यातला थर

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे तुमच्या वडिलांच्या गुडघ्यात होतं."

काळ्या पडद्यावर हिरवे पुंजके चमकत होते. दिसायला सुंदर होतं, आणि त्याचाच मला राग आला.

बेळगावच्या हॉस्पिटलातल्या त्या खोलीत मी, आई आणि व्हीलचेअरवर आप्पा. आप्पांचा बदललेला गुडघा पुन्हा उघडून धुतला होता. सांध्यातला प्लास्टिकचा तुकडा काढून नवा बसवला आणि जुना लॅबमध्ये पाठवला. तिथे त्यावर रंग टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. हिरवे ते जिवंत जंतू, लाल ते मेलेले, डॉक्टरांनी सांगितलं. लाल शोधावे लागत होते.

"याला बायोफिल्म म्हणतात."

बायोफिल्म म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतात तसलेच साधे जंतू, पण धातू किंवा प्लास्टिकवर एकदा चिकटले की तिथे घर करतात. वाढतात, बुळबुळीत रस सोडतात आणि त्याच्या आत सुस्त पडून राहतात. औषध वरवर लागतं, आत पोचत नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हशीच्या पाण्याच्या डोणीत शेवाळ धरतंय, तसं म्हणा की. नुसतं पाणी वतून जात न्हाय, घासायला लागतंय."

डॉक्टर मूळचे कन्नड बोलणारे. त्यांना डोण कळली आणि दोघांनाही हसू आलं. "अगदी तसंच. पण डोण घासता येते, आप्पा. हा धातू घासून भागणार नाही. तो काढावा लागेल."

आप्पा हसायचे थांबले.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात कोणाला परत परत ताप येत असेल, म्हणून सगळं लिहिते. आई-आप्पा निपाणीकडे बोरगावला राहायचे. मी बेळगावजवळ पिरनवाडीत, इथल्या हायस्कूलमध्ये शिकवते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो आणि घरात तर विचारूच नका. गुडघा बदलल्यावर वर्षभर आप्पा रोज मळ्यात चालत जायचे. मग गुडघा जड वाटायला लागला. संध्याकाळी कणकण यायची. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरायचा, गोळ्या संपल्या की थोड्या दिवसांनी परत हजर. मी फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "लई झ्याक हाय गं."

आता कळतं, रक्तात उतरलेले जंतू गोळ्यांनी मरत होते. थरातले जागचे हलत नव्हते.

बेळगावला पहिल्यांदा दाखवायला आणलं, त्या दिवशी एक गोष्ट घडली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरांनी आप्पांचं धोतर गुडघ्यावर सारलं. ऑपरेशनच्या व्रणाच्या कडेला तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. बाकी व्रण कोरडा ठणठणीत. ओल्या कापसानं त्यांनी तो काळा ठिपका काढला आणि खालून पू आला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

"हे काय लावलंय? कोणी लावलं?"

आमच्या निपाणी भागात तंबाखूची भुकटी हे घरचं औषध. विळीवर बोट कापलं, दाबली भुकटी. खुरपं लागलं, दाबली भुकटी. माझ्या आईनं उभं आयुष्य निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडली. बारीक भुकटीची पत्र्याची डबी कायम तिच्या कमरेच्या चंचीत असायची. आणि आमचे आप्पा म्हणजे पाण्याचा तांब्या स्वतःच्या हातानं भरून न घेणारा माणूस. त्यांचा पाय धुणं, शेकणं, पुसणं सगळं आईकडे. तेव्हा भुकटी कोणी लावली हे विचारायची गरजच नव्हती.

आईचा हात चंचीकडे गेला. ती तोंड उघडणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, "म्या लावलं, डॉक्टरसाहेब. गळत हुतं जरासं. सवय हाय आमची."

"आप्पा, तुम्ही कधी..." मी म्हणाले.

"तू गप बस गं आक्का."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी, शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाणारी, हातातली फाईल चाळत बसले.

डॉक्टरांनी समजावलं. अशा छिद्राला सायनस म्हणतात, म्हणजे आतल्या पुवानं बाहेर यायला केलेली वाट. ती भुकटीनं बुजली नसती, गळत राहिली असती, तर आम्ही लवकर धावलो असतो. मग आमची तोंडं पाहून ते म्हणाले, "भुकटीमुळे इन्फेक्शन झालेलं नाही. ते आत आधीपासून होतं. फक्त दिसायचं बंद झालं." आई हातातला टॉवेल घडी करत होती. घडी झाली की मोडायची, पुन्हा करायची.

पडद्यावर तो थर दिसल्यावर शेवटी धातूचा सांधा काढला. त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तुकडा बसवला, त्याला स्पेसर म्हणतात. जंतू मेल्याची खात्री झाली की नवा सांधा बसवायचा, असं ठरलं होतं. दिवस सलाइनवर आणि बाकड्यावर जायचे. आतून नर्स कन्नडमध्ये "पेशंट कडेयवरु यारु?" म्हणाली, म्हणजे पेशंटबरोबर कोण आहे, की सगळं बाकडं उभं राहायचं. कणकुंबीची एक बाई तिथे बसायची. ती आईला आपल्या डब्यातली भाकरी द्यायची आणि आई ती पदरात बांधून आप्पांसाठी ठेवायची. आप्पांना बाहेरचं काही द्यायचं नाही, हे तिला किती वेळा सांगितलं.

मग सेप्सिस झालं. म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःलाच इजा करायला लागतं आणि एकेक अवयव थकतो. आप्पांची मूत्रपिंडं आधी थकली. अतिदक्षता विभागात मला आत सोडलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मी पाणावलेल्या डोळ्यांनी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "आईला काय विचारू नगंस. तिचा हात लागला म्हणून तर येवढं चाललो."

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून मोठ्यानं रडले. डॉक्टर बाहेर येऊन शेजारी उभे राहिले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आईला मी पिरनवाडीला आणलं. आप्पांचा शब्द पाळला, काही विचारलं नाही. भुकटीमुळे उशीर झाला हे तिला उमगलं नाही, असं मी धरून चालले होते.

परवा भाजी चिरताना तिचं बोट कापलं. मी स्वयंपाकघरात गेले तर ती बोट नळाखाली धरून शांत उभी होती. कमरेला चंची नव्हती. कधीपासून नव्हती, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आई, डबी कुठाय?"

"माती सावडली त्या दिवशी नदीत सोडली." पाण्याबरोबर रक्त वाहत होतं, ती तिकडेच बघत होती. "माझ्यापायी खोटं बोललं त्येनी. मला कळत न्हाय व्हय?"

मी नळ बंद केला. तिचं बोट स्वच्छ कापडात धरून दोघी खाली फरशीवरच बसलो. ती रडली, आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा.

जखम गळत असेल तर बुजवू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप परत परत येत असेल तर कारण शोधा. आणि घरातल्या कोणी मायेनं काही लावलं असेल, तर त्या माणसाला विचारताना आवाज खाली ठेवा. मी अजून शिकते आहे.