हेड गार होईपर्यंत

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीखाली एक गॅरेज आहे. आज भाजी घेऊन येताना तिथला मेकॅनिक गिऱ्हाइकाला सांगत होता, "इंजिन नुकतंच बांधलंय. गार झालं की हेडचे बोल्ट परत आवळतो, मगच गाडी न्या." तापलेल्या ऑइलचा वास आला आणि मी पिशवी धरून तिथेच उभी राहिले.

आमच्या ह्यांनी जुन्या जीपचं इंजिन अंगणात स्वतः उघडून बांधलं होतं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा लहान पोरासारखे हसले. थोडा वेळ चालवून बंद केलं आणि म्हणाले, "आता पूर्ण गार होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही." त्यांच्या हाताला घट्टे पडलेले, त्यांना ऊब नीट कळायची नाही. म्हणून सारखे मलाच पाठवायचे.

"बघ गं, गार झालं का?"

मी हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावर, तळवा टेकवायचे. "नाही हो, अजून कोमट आहे."

"मग चहा टाक."

पायरीवर बसून आम्ही चहा प्यायचो आणि जीपकडे बघत राहायचो. तेव्हा वाट बघून मी वैतागले होते. आता त्या दुपारचं तेवढंच आठवतं, दोघांनी मिळून वाट बघणं.

गेल्या वर्षी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला, तेव्हा माझा तळवा त्यांच्या छातीवर होता. बऱ्याच वेळाने सिस्टर हळूच म्हणाली, "काकू, आता हात काढा."

"थांबा हो," मी म्हटलं, "अजून कोमट आहे."