एक नंबरचं बटण

साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला जोतीरामचं पत्र्याचं शेड आहे. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो. नाव जोतीराम, पण विचारायला गेलात तर लोक 'त्यो तंद्री व्हय?' असं म्हणूनच पत्ता सांगतील. आटपाडीचा गडी. एकदा गाडीत शिरून वायरीचा माग काढायला लागला की हा बसल्या जागी भलतीकडेच निघून जातो. हातात टेस्ट लॅम्प पेटलेला, आणि डोळे गावाकडच्या माळावर मेंढरांमागं हिंडतायत. गिऱ्हाईक बाहेर बोंबलत असतं. आता अशा माणसाला काय म्हणावं? बरं, रागवावं तर बिघाड काढून हा हसत बाहेर येतो, मग रागवायचं तरी कुणावर.

त्या दुपारी शिवतेज नावाच्या पोराने एक दांडगी गाडी आणून लावली आणि तो कामाला निघून गेला. मागून रिक्षातून त्याच्या शेजारच्या दोघी उतरल्या, कोरेगावकडच्या अंकिता आणि तिची सासू शालूबाई. गाडी अंकिताच्या नवऱ्याची, विश्वजीतची. फौजेतून रिटायर होऊन आला, हौसेने गाडी घेतली, आणि उन्हाळ्यात झोपेतच गेला. ताडमाड माणूस. अंकिता त्याच्या खांद्यालाही लागायची नाही.

"दादा, सीट बटणावर हलत हुती, आता हलतच न्हाई," अंकिता म्हणाली. "मी गाडी शिकलेय, पण पाय पोचत न्हाईत माझे. आत्यांच्या डोळ्यांसाठी सारखं साताऱ्याला यावं लागतंय."

"व्हईल की वहिनी. दवाखाना उरकून या तुमी."

दोघी गेल्या. जोतीरामने आधी फ्यूज पाहिला. शाबूत. मग सीटखाली वाकून लॅम्प लावला. करंट खालच्या जोडापर्यंत येत होता, पुढे जात नव्हता. मग त्याने बॅटरीची काळी वायर सोडली. ही त्याची जुनी शिस्त. सीटखाली एअरबॅगची पिवळी वायर असते, तिथे करंट खेळत ठेवून हात घालायचा म्हणजे नसती आफत.

जोड उघडला तर आत सगळं हिरवं. तांबं पार कळकलेलं. कशाचं तरी पाणी मुरलं होतं. ज्या रुळावर सीट सरकते त्याच्यावरही पांढरट खरवड धरली होती, आणि ती सीटच्या पायापाशी येऊन नेमकी थांबली होती. ते मागनं पुसू, असं म्हणून तो जोड घासायला बसला.

घासता घासता गेलाच तो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप सीटवर पडली होती. गादी मधोमध खोल दबलेली, पाठीला खांद्याचा घोळ. त्याला वाटलं, कुणीतरी इथे बसून नुसतंच गाडी चालवतंय, रस्ता संपत नाही आणि त्याला घाईही नाही. त्याचा बाप असाच माळावर एका दगडावर बसायचा. बाप गेला तरी मेंढरं कितीतरी दिवस त्या दगडाला वळसा घालून जायची. जोतीरामला एकदम बापाची आठवण आली. मग त्याने नाक ओढलं आणि पिना नव्या बसवल्या.

बॅटरी जोडली, बटण दाबलं. सीट सुळकन पुढे आली. खूश होऊन त्याने ती पार पुढे नेली, पार मागे नेली, पाठ उभी केली, आडवी केली. गडी लहान पोरासारखा खेळत बसला.

तेवढ्यात दोघी आल्या. सीट हललेली बघून अंकिताचा चेहरा उजळला. "आता एक नंबर दाबा."

"एक नंबर?"

"ह्यांनी त्यांची बैठक त्यात भरून ठेवलीय. माझी मी दोनवर भरीन. पण गाडीतनं उतरताना एक दाबणार. दारात गाडी उभी असली की ती त्यांचीच दिसाय पायजे मला."

जोतीरामने एक नंबर दाबला. सीट जागची हलली नाही. पुन्हा दाबला. मग त्याला मघाशी सोडलेली काळी वायर आठवली.

"वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला, "बॅटरी सोडली की ह्या गाडीचं ध्यान जातंय. माझ्या हातनं गेलं ते. आधी इचाराय पायजे हुतं मी."

अंकिता दाराला धरून उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसतीच त्या सीटकडे बघत राहिली.

शालूबाईने हळूच विचारलं, "झालतं काय पर सीटला?"

"खाली पाणी मुरलं हुतं, आई."

"पाणी न्हाई त्ये. गोमूत्र." म्हातारीचा आवाज फुटला. "तेराव्याला घरभर शिंपडलं. मग म्हटलं, गाडीला बी सुतक असतंय की. तांब्या रिता केला मी सीटखाली. माझ्या लेकाची जागा मीच घालवली बघ."

जोतीरामची पुन्हा तंद्री लागली. दोघींना वाटलं, हा आता कामातून गेला.

"आई," तो एकाएकी म्हणाला, "तवा सीट कुठं हुती?"

"विश्वानं ठिवली तिथंच. कोण हलवणार?"

तो टॉर्च घेऊन खाली वाकला. पांढरी खरवड अजून रुळावर होती. पुसायचा आळस केला होता, आणि त्या आळसाला त्याने मनातल्या मनात हात जोडले. शिंपडताना सीटचा पाय जिथे होता तेवढीच जागा मधे कोरी होती. त्याने सीट सरकवली आणि पाय त्या कोऱ्या जागेवर नेऊन बसवला.

"पाठीचं तुमी सांगा, वहिनी."

अंकिता नेहमीसारखी डावीकडे जाऊन बसली. जोतीराम पाठ हळूहळू कलती करत गेला. "आणखी," ती म्हणाली. "त्यांच्या छातीपुढनं मला पलीकडची खिडकी दिसायची. आणखी थोडं. थांबा." आणि मग ती रडली. त्याने रडू दिलं. बैठक ध्यानात ठेवायचं 'सेट'चं बटण धरलं, एक नंबर दाबला, आणि गाडी बारीक आवाजात वाजली.

"बघू या ऱ्हातंय का," म्हणत त्याने सीट पार पुढे घेतली आणि एक दाबला.

शालूबाई तोवर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली होती. समोरची सीट आपली आपण, सावकाश मागे येऊ लागली. म्हातारीने सवयीने पाय आखडून घेतले.

"हळू रं बाबा," ती पुटपुटली, "गुडघा हाय माझा."

सीट तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली.