बाबांनी दातात पारा भरू दिला नाही

मंडळी, आज सकाळी बाबांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं आणि मी त्यांच्यावरच चिडून बसले.

त्यांच्या दाढेला खड्डा पडलाय. डॉक्टर दीदी म्हणाल्या, "अंकलजी, चांदीवाला भर देते हैं, बरसों टिकेगा."

"उसमें पारा रहता है ना?" बाबांनी विचारलं.

"हव, रहता है."

"मग मले नाही पाहिजे."

मी म्हटलं, "बाबा, काहून हट्ट करून राहिले? डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त समजतं का?"

बाबा खुर्चीत उठून बसले. त्यांनी सदर बाजारात तीस वर्षं दागिने घडवले, हे मला माहीत होतं. त्यांचे उस्ताद पारा वापरून सोन्याचा मुलामा चढवायचे, हे मात्र आज कळलं.

"भट्टीवर पारा उडे, तो धूर रोज छातीत जाय. शेवटी उस्तादांचे हात इतके थरथरत, की चहा मी पाजत होतो."

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. दातातला पारा भट्टीसारखा उडत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग म्हणाल्या, "लेकिन बिना पारे का सफेद मसाला भी है. आपको वही भरेंगे."

अर्ध्या तासात काम झालं. बाहेर आल्यावर मी बाबांची माफी मागितली.

"अगं, मीच कधी सांगितलं नाही तुले," ते म्हणाले.

आता ते मजेत फुटाणे खाऊन राहिले आहेत आणि मी उस्तादांबद्दल एकेक गोष्ट विचारतेय.

तुमच्या घरच्यांच्या एखाद्या हट्टामागचं कारण तुम्हाला कधी असं उशिरा कळलं का?